कमरेतील मेरुनलिका आणि निसटलेली चकती

कमरेतून निघून पायाकडे उतरणारी कळ हे माणसाचे फार जुने दुखणे आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत तिला ‘गृध्रसी’ असे नाव असून वातव्याधींमध्ये तिची गणना केलेली आहे. पाश्चात्त्य वैद्यकात ती ‘सायाटिका’ या नावाने ओळखली जाते. लोकांच्या बोलण्यात तिची कारणे ‘गादी सरकली’, ‘नस दबली’, ‘मणक्यात गॅप पडली’ अशा शब्दांत सांगितली जातात. या शब्दांत सत्याचा काही अंश आहे, परंतु त्यांमुळे मनात उभे राहणारे चित्र मात्र चुकीचे असते. दोन मणक्यांमधील चकती वरच्या व खालच्या मणक्याला इतकी घट्ट जोडलेली असते की, ती अखंड जागची सरकणे शक्य नसते. प्रत्यक्षात तिच्या कडेला चीर पडते व आतील मऊ भाग त्या चिरेतून बाहेर येतो.

बाहेर आलेला हा भाग पुष्कळदा वाटाण्याएवढाच असतो. तो एखाद्या माणसाला कसलाही त्रास देत नाही, दुसऱ्याला महिना-दोन महिने असह्य वेदना देतो आणि क्वचित एखाद्याचे मूत्राशयावरील नियंत्रण काही तासांत हिरावून घेतो. एकाच प्रकारच्या घटनेचे इतके भिन्न परिणाम का व्हावेत, हे समजण्यासाठी चकतीची माहिती पुरेशी नाही. ती ज्या जागेत शिरते त्या जागेची, म्हणजे कण्याच्या खालच्या भागातील नलिकेची रचनाही ध्यानात घ्यावी लागते.

नलिकेची रचना

माणसाच्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ सुटे मणके असतात. त्यांच्या खाली पाच मणके एकजीव होऊन बनलेली त्रिकास्थी व तिच्या टोकाला माकडहाड असते. प्रत्येक सुट्या मणक्याचा पुढचा भाग जाड ठोकळ्यासारखा असतो आणि मागच्या बाजूस हाडाची एक कमान असते. (पहिला मानेचा मणका मात्र याला अपवाद आहे.) ठोकळा व कमान यांच्यामध्ये राहिलेली छिद्रे एकाखाली एक येऊन जी सलग नळी तयार होते, तीच मेरुनलिका. तिची पुढची भिंत मणक्यांच्या ठोकळ्यांनी व चकत्यांनी बनलेली असते; मागची भिंत कमानी व त्यांना जोडणारे पिवळसर, लवचीक बंध यांची असते; आणि मागील दोन्ही कोपऱ्यांत मणक्यांचे लहान सांधे असतात. दर दोन मणक्यांच्या मध्ये उजवीकडे व डावीकडे एकेक खिडकी असून तिच्यातून त्या त्या बाजूचा मज्जातंतू शरीराकडे जातो. कमरेच्या भागात या नळीचे पुढून मागे मोजलेले अंतर सर्वसाधारणपणे १५ ते २५ मिलिमीटर असते.

मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू या नळीच्या तळापर्यंत पोहोचत नाही. गर्भावस्थेच्या आरंभीच्या काळात त्याची व कण्याची लांबी सारखीच असते. परंतु पुढे कणा अधिक वेगाने वाढतो आणि मज्जारज्जू मागे पडतो. नवजात बालकात त्याचे टोक तिसऱ्या कटिमणक्याच्या आसपास असते, तर प्रौढ माणसात ते बहुधा पहिल्या व दुसऱ्या कटिमणक्यांच्या दरम्यान असते. तेथून खाली नळीत असतात ती मज्जातंतूंची मुळे. आपापल्या खिडकीपर्यंत पोहोचण्यासाठी त्यांना बरेच अंतर खाली उतरावे लागते. त्यांचा झुबका घोड्याच्या शेपटीसारखा दिसतो, म्हणून शरीररचनाशास्त्रात त्याला ‘अश्वपुच्छ’ म्हणतात. ही मुळे मस्तिष्क-मेरुद्रवाने भरलेल्या एका पिशवीत मोकळेपणाने तरंगत असतात.

या मोकळेपणाचा वैद्यकाने फार पूर्वीच उपयोग करून घेतला आहे. १८९१ मध्ये जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी कमरेतून सुई घालून हा द्रव काढण्याची पद्धत वर्णन केली. मज्जारज्जू संपल्यानंतरच्या पातळीत सुई टोचली असता त्याला इजा पोहोचण्याचे भय राहत नाही आणि द्रवात तरंगणारी मुळे सुईच्या टोकापासून बाजूला होऊ शकतात. निसटलेल्या चकतीलाही हेच लागू पडते. मानेत किंवा पाठीत चकतीचा तुकडा नळीत शिरला तर त्याची गाठ थेट मज्जारज्जूशी पडते. कमरेत मात्र त्याच्यासमोर थोडा द्रव, थोडी चरबी आणि काही अंशी बाजूला होऊ शकणारी मुळे असतात. कमरेच्या बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत धीर धरता येतो, त्यामागे रचनेतील ही सवलत आहे.

चकती कशी बनलेली असते

कण्यात एकंदर २३ चकत्या असतात आणि कण्याच्या लांबीचा सुमारे चौथा हिस्सा त्यांनी व्यापलेला असतो. प्रत्येक चकतीला बाहेरून चिवट तंतूंचे कडे असते. या कड्यात तंतूंचे पंधरा ते पंचवीस थर असून, एका थरातील तंतू एका दिशेने तिरपे तर पुढच्या थरातील विरुद्ध दिशेने तिरपे जातात. खाटेची सुंभाची वीण जशी भार सर्व बाजूंना वाटून देते, तसेच हे कडे आतून येणारा दाब पेलते. कड्याच्या आत पाण्याचा मोठा अंश असलेला मऊ गाभा असतो. दिवसभर उभे राहिल्याने व बसल्याने गाभ्यातील थोडे पाणी बाहेर जाते आणि रात्री झोपेत ते पुन्हा शोषले जाते. त्यामुळे सकाळी मोजलेली उंची संध्याकाळच्या उंचीपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरने अधिक भरते.

प्रौढ माणसाच्या चकतीच्या अंतर्भागात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण मणक्यांच्या पृष्ठभागांतून झिरपणाऱ्या द्रव्यांवर होते. म्हणूनच तिला पडलेली चीर त्वचेच्या जखमेसारखी लवकर भरून येत नाही. वयाच्या विशी-तिशीपासून गाभ्यातील पाणी कमी होऊ लागते आणि कड्यात बारीक भेगा पडू लागतात. स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात चकतीत सुई घालून आतील दाब मोजला. आडवे पडले असता तो सर्वांत कमी आणि पुढे वाकून वजन उचलताना फार मोठा असतो, असे त्यांना दिसून आले. तथापि चकतीच्या झिजेला केवळ श्रम कारणीभूत असतात असे नाही. फिनलंडमध्ये जुळ्या भावांच्या कण्यांचा जो अभ्यास झाला, त्यात व्यवसायातील श्रमांपेक्षा आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा आढळला. वजन उचलणे, शिंक किंवा खोकल्याची उबळ हे पुष्कळदा निमित्तमात्र असते; चकतीची तयारी त्याआधी अनेक वर्षे चाललेली असते.

चकती कोठे फुटते

चकतीच्या मागे, नळीच्या पुढच्या भिंतीवरून, एक लांब अस्थिबंध वरपासून खालपर्यंत गेलेला असतो. कमरेत तो मध्यभागी मजबूत, परंतु अरुंद असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना चकतीला पुरेसा आधार मिळत नाही. त्यामुळे गाभा बहुधा मध्यरेषेच्या किंचित उजवीकडे वा डावीकडे बाहेर येतो. बाहेर येण्याच्या पायऱ्याही निरनिराळ्या आहेत. कधी चकतीची कड नुसती फुगते. कधी एका ठिकाणी उंचवटा येतो. कधी कडे पूर्ण फाटून गाभा नळीत उतरतो. आणि कधी त्याचा तुकडा तुटून सुटा होतो व नळीत वर किंवा खाली सरकतो.

कमरेतील अशा चकत्यांपैकी दहांत नऊहून अधिक चकत्या सर्वांत खालच्या दोन जागी, म्हणजे चौथ्या व पाचव्या कटिमणक्यांच्या मध्ये किंवा पाचवा कटिमणका व त्रिकास्थी यांच्या मध्ये फुटलेल्या असतात. शरीराचा भार व वाकण्याची हालचाल या दोहोंचा ताण तेथे एकवटतो.

येथे एक गोष्ट वाचकाने लक्षात ठेवावी. ज्या मज्जातंतूची खिडकी चकतीच्या पातळीत असते, तो चकतीच्या वरूनच नळीबाहेर पडलेला असतो. म्हणून बाजूला फुटलेली चकती बहुधा त्याला सोडून, पुढच्या खिडकीकडे निघालेल्या खालच्या मुळाला गाठते. चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती पाचव्या कटिमुळाला त्रास देते. मग पावलाच्या वरच्या भागात बधिरता येते व पायाचा आंगठा वर उचलण्याची शक्ती कमी होते. विकार वाढल्यास पाऊलच खाली पडते आणि चालताना अडखळते. त्याखालची चकती त्रिकास्थीच्या पहिल्या मुळाला दाबते. तेव्हा पावलाची बाहेरची कड बधिर होते, चवड्यावर उभे राहणे कठीण जाते आणि टाचेच्या वरच्या स्नायुबंधावर लहान हातोडीने ठोकले असता पाऊल जो हिसका देते तो मंदावतो. अशा प्रकारे अनुभवी वैद्य पावलाच्या तपासणीवरून कण्यातील जागेचा अदमास घेऊ शकतो.

कारण उमगेपर्यंतचा प्रवास

हे ज्ञान मात्र फार हळूहळू मिळाले. नेपल्स येथील दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पायाच्या या कळेचा संबंध सांध्याशी नसून मज्जातंतूशी आहे, असे दाखवून दिले. १८८० मध्ये बेलग्रेडचे लाझा लाझारेविच यांनी आणि १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लासेग यांच्या एका शिष्याने एक साधी परीक्षा वर्णन केली. रुग्णाला उताणे निजवून त्याचा पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला की कळ उठते. मूळ ताणले जाते व अडथळ्यावर घासते म्हणून असे होते. ही परीक्षा आजही केली जाते. परंतु तो अडथळा कशाचा, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

विसाव्या शतकाच्या आरंभी शस्त्रक्रियेत नळीतून कूर्चेसारखे तुकडे काढले जात, तेव्हा त्यांना अर्बुद समजण्यात येई. १९२९ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर डँडी यांनी असे दोन रुग्ण वर्णन करून ते तुकडे चकतीचे असल्याचे सांगितले, पण त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. बोस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार यांनी अर्बुद म्हणून जपून ठेवलेले जुने नमुने पुन्हा तपासले आणि त्यांपैकी पुष्कळ नमुने चकतीचेच असल्याचे त्यांना आढळले. १९३४ मध्ये त्यांनी १९ रुग्णांवरील आपला लेख प्रसिद्ध केला. चकती फुटून मेरुनलिकेत शिरते व मज्जातंतूंना बाधा करते, ही कल्पना त्या लेखानंतर सर्वमान्य झाली.

दाब आणि दाह

त्यानंतर कित्येक वर्षे दाब हेच वेदनेचे एकमेव कारण मानले गेले. तथापि निरोगी मज्जातंतूवर नुसता दाब पडला तर बधिरता येते. अशी तीव्र कळ सहसा येत नाही. १९९३ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी डुकरांच्या चकतीतील गाभा त्यांच्याच अश्वपुच्छाच्या मुळांवर, दाब न देता, नुसता ठेवून पाहिला. तेवढ्यानेही मुळांतून जाणाऱ्या संदेशांचा वेग मंदावला. एरवी रक्तप्रवाहापासून दूर असणारा गाभा बाहेर आला की शरीर त्याला परके समजते व तेथे दाह निर्माण होतो. दाह झालेल्या मुळावर थोडासा दाबही असह्य ठरतो.

या दाहातच बरे होण्याचे बीजही असते. त्याच्यामुळे तेथे नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या येतात आणि भक्षक पेशी बाहेर आलेला गाभा हळूहळू गिळंकृत करतात. कडे फाडून नळीत उतरलेले किंवा सुटे झालेले मोठे तुकडे नुसत्या फुगवट्यापेक्षा अधिक प्रमाणात विरघळतात, हे वाचकाला आश्चर्याचे वाटेल. पण रक्तप्रवाहाशी त्यांचा संबंध अधिक येतो, हे त्याचे कारण होय.

चित्र आणि रुग्ण

एम. आर. आय. या तपासणीमुळे नळी, चकती व मुळे यांचे स्पष्ट चित्र मिळू लागले. परंतु चित्रात दिसणारा प्रत्येक दोष हा आजार नसतो. १९९४ मध्ये अमेरिकेत कमरेचा कोणताही त्रास नसलेल्या ९८ व्यक्तींची अशी तपासणी करण्यात आली. त्यांपैकी ५२ टक्के व्यक्तींत निदान एक चकती फुगलेली आणि २७ टक्के व्यक्तींत एखाद्या चकतीला उंचवटा आलेला आढळला. सर्व चकत्या निर्दोष असलेले केवळ ३६ टक्के होते. तेव्हा अहवालातील शब्द वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही. चित्रातील दोषाची बाजू व पातळी रुग्णाच्या लक्षणांशी जुळते की नाही, हे पाहूनच त्याचा अर्थ लावावा लागतो.

मूळच्या नळीची रुंदीही येथे महत्त्वाची ठरते. नेदरलँड्समधील हेंक फेरबीस्ट यांनी १९४९ पासून लिहिलेल्या लेखांत काही माणसांची मेरुनलिका उपजतच अरुंद असते, हे दाखवून दिले. पुढून मागचे अंतर १० मिलिमीटरहून कमी असेल तर ती निश्चित अरुंद मानली जाते. उतारवयात मागचे बंध जाड होतात, सांध्यांची हाडे वाढतात आणि नळी आणखी आक्रसते. अशा माणसाला थोडे चालले की दोन्ही पाय जड होतात व पुढे वाकून किंवा बसून विसावा घेतला की बरे वाटते. कारण पुढे वाकल्याने नळीतील जागा किंचित वाढते. प्रशस्त नळीत सहज सामावला असता असा लहानसा तुकडाही अशा अरुंद नळीत मोठे संकट आणू शकतो.

थांबावे केव्हा

एका पायातील कळ, थोडी बधिरता आणि त्याहून अधिक काही नाही, अशी स्थिती असेल तर बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात. पूर्वी त्यांना दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहण्यास सांगितले जाई. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दोन आठवड्यांच्या अशा विश्रांतीने कोणताही अधिक लाभ झाला नाही. आता वेदनाशामक औषधे घेऊन सोसेल तितके हिंडणे-फिरणे चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

शस्त्रक्रियेने बाहेर आलेला तुकडा काढला असता वेदना लवकर थांबते, याविषयी शंका नाही. नॉर्वेतील हेन्रिक वेबर यांनी १९८३ मध्ये १२६ रुग्णांचा दहा वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांची प्रकृती अधिक चांगली होती. चार वर्षांनंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. २००७ मध्ये नेदरलँड्समधून प्रसिद्ध झालेल्या २८३ रुग्णांच्या अभ्यासातही लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांना वेगाने आराम पडला, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. थांबण्यास सांगितलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही येथे नमूद केले पाहिजे. सहा-आठ आठवड्यांनंतरही वेदना सोसवत नसेल तर शस्त्रक्रियेचा पर्याय योग्य ठरतो. पायातील शक्ती झपाट्याने कमी होत असेल, तर मात्र इतके दिवसही थांबता येत नाही.

विलंब चालत नाही तेव्हा

आतापर्यंत सांगितलेल्या सर्व सवलती एका प्रसंगी संपुष्टात येतात. चकतीचा मोठा तुकडा मध्यभागी बाहेर येऊन संपूर्ण अश्वपुच्छच दाबून टाकतो, तो हा प्रसंग. त्रिकास्थीच्या दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतची बारीक मुळे पिशवीच्या मध्यभागाकडे असतात. मूत्राशय, गुदद्वार व जननेंद्रिये यांचे व्यवहार त्यांच्यावर अवलंबून असतात. ही मुळे दाबली गेली की मांड्यांच्या आतील भाग, गुदद्वाराभोवतीची व जननेंद्रियाजवळची त्वचा, म्हणजे घोड्यावर मांड टाकली असता खोगिराला टेकणारा सर्व भाग, बधिर होतो. लघवीला जोर करावा लागतो किंवा ती झाल्याचे कळत नाही. पुढे मूत्राशय तुडुंब भरूनही लघवीची भावना होत नाही आणि तुंबलेली लघवी नकळत ठिबकू लागते. मलविसर्जनावरील ताबा जातो. बहुधा कळ दोन्ही पायांत असते. पण कधी कधी वेदना अचानक कमी होऊन बधिरता वाढते आणि रुग्ण बरे वाटत असल्याच्या भ्रमात राहतो.

हा प्रकार विरळ आहे. चकतीसाठी शस्त्रक्रिया कराव्या लागणाऱ्या रुग्णांत तो शंभरांत एक-दोघांनाच होतो. परंतु त्यात दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब असतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, लक्षणे सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दाब दूर केलेल्या रुग्णांची स्थिती उशीर झालेल्यांपेक्षा पुष्कळच चांगली आढळली. लघवी पूर्णपणे तुंबण्याआधी शस्त्रक्रिया झाली तर मूत्राशय पूर्ववत होण्याची आशा अधिक असते. उशीर झाल्यास पायातील कळ जाते, पण लघवीसाठी नळीचा आधार जन्मभर घ्यावा लागू शकतो.

दुर्दैवाने या लक्षणांविषयी बोलण्याचा माणसाला संकोच वाटतो. पायाच्या कळेची तक्रार तो सर्वांना सांगतो. खोगिराच्या भागातील बधिरता मात्र घरच्यांपासूनही लपवतो, आणि वैद्यानेही विचारले नाही तर ती तशीच राहून जाते. म्हणून कमरेच्या प्रत्येक रुग्णाला हे प्रश्न स्पष्टपणे विचारले पाहिजेत आणि रुग्णानेही न विचारता ते सांगितले पाहिजे. पायातील कळ कितीही तीव्र असली, तरी लघवी नीट होत असेल, संवेदना शाबूत असेल व पायात बळ असेल तर धीर धरण्यास पुष्कळ आधार आहे. यांपैकी लघवी किंवा खोगिराच्या भागातील संवेदना बिघडल्यास मात्र रात्र सरण्याची वाटही न पाहता, कण्याची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात जाणे हाच एक मार्ग होय.